पेटीतल्या नोटांवरचे डाग



अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांच्या सासूबाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर घरच्या मंडळींनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा लुगड्याच्या घडीत एक पुरचुंडी निघाली. तीत एक, दोन आणि पाच रुपयांच्या जुन्या नोटा, दहा-वीसच्या काही, शंभराच्या अकरा, जुन्या पाचशेच्या तीन आणि बाबासाहेबांचे चित्र असलेले एक रुपयाचे नाणे. आयुष्यभर विड्या वळून बाजूला टाकलेला पैसा. पण नोटांवर नाना रंग चढलेले. कुठे तांबूस ठिपके, कुठे काळे बोटांचे ठसे, एका नोटेवर रक्तासारखा लाल डाग आणि ज्या नोटेत नाणे गुंडाळले होते तिच्यावर हिरवट गोल. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, साबणाने धुऊन घेऊ. दीर म्हणाले, अशा जुन्या नोटांना लाखो रुपये मिळतात असे मोबाइलवर दाखवतात, विकून टाकू. शेजारच्या म्हातारीने तर लाल डागाची नोट घरात ठेवूच नका, कुणाची तरी करणी असेल, असे सांगितले. आता या भगिनी विचारतात, करावे तरी काय?

हा प्रश्न एका घरचा नाही. आपल्या आयाबायांची बँक म्हणजे तांदळाचा डबा, धानाची कोठी, उतरंडीचे तळचे मडके नाहीतर लुगड्याची घडी. नवऱ्याच्या नजरेआड आणि सावकाराच्या हाताबाहेर ठेवलेला तो पैसा असतो. तो सापडतो तेव्हा ठेवणारी बहुधा हयात नसते, आणि मग डागाळलेली नोट म्हणजे बाद नोट असे समजून घरचेच लोक ती फेकतात, चुलीत घालतात किंवा निम्म्या भावात कुणाला तरी देऊन टाकतात. म्हणून आम्ही थोडक्यात उत्तर आधीच देतो : धुऊ नका, विकू नका, भिऊ तर मुळीच नका. आता कारणे सांगतो.

नोट दिसते कागदाची, पण तो आपल्या वहीचा कागद नव्हे. वहीचा कागद लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्याचा असतो. नोटेचा कागद कापसाच्या धाग्यांचा. मध्य प्रदेशातील होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, या कागदाचा सरकारी कारखाना १९६८ पासून आहे. आपल्या महाराष्ट्रात नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जात आल्या आहेत. कापूस असल्यामुळेच नोट खिशात राहून धुतली गेली तरी वहीच्या पानासारखी तिची लापशी होत नाही. पण कापूस जे करतो तेच नोटही करते. आपल्या पांढऱ्या साडीला जे जे लागते, ते ते नोटेलाही लागते.

सगळ्यांत साधा डाग पिवळेपणाचा. जुनी नोट पिवळी-मळकट होते ती केवळ धुळीने, असा आपला समज असतो. नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेतील संशोधकांनी यावर काम केले आहे. त्यांच्या मते नोट मळण्याचे मोठे कारण म्हणजे माणसाच्या बोटांचा तेलकटपणा. तो नोटेत मुरतो तेव्हा दिसत नाही. पुढे हवेने तो पिवळा पडतो, जसे उघड्या वाटीतले तेल खवट होते आणि रंग बदलते. म्हणून पेटीत ठेवताना स्वच्छ दिसणारी नोट दहा वर्षांनी पिवळी निघते, मध्ये कुणी हात लावला नसला तरी. आणि घडीवरची काळी रेघ? घडी घातली की तिथली शाई झडते, कापसाचे धागे उघडे पडतात आणि मळ तिथे अडकून बसतो.

काळ्या ठशांची गोष्ट मात्र खास आपल्या भागाची आहे. गोंदिया आणि भंडारा म्हणजे तेंदूपत्ता आणि विडीचा मुलूख. (गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण विडीने जिल्ह्याची हद्द कधी पाहिली नाही.) तेंदूच्या पानात तुरट द्रव्य असते, त्याला टॅनिन म्हणतात. पाने भिजवायची, पत्र्याच्या मापावर ठेवून लोखंडी कात्रीने कापायची, जर्दा भरून वळायची, हे दिवसभर चालते. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा-निळा रंग तयार होतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा खिळा टाकून शाई करण्याची जुनी रीत होती, तिच्यातही हेच घडते. विडी वळणाऱ्या बाईची बोटे काळपट का असतात आणि साबणाने ती का उजळत नाहीत, याचे उत्तर तिथेच आहे. आठवड्याची मजुरी ती त्याच बोटांनी मोजून घेते. त्या भगिनीच्या पुरचुंडीतील काळे ठसे आम्ही पाहिलेले नाहीत, पण सासूबाई विड्या वळत होत्या एवढ्यावरून आम्ही म्हणतो की ते ठसे त्यांच्याच बोटांचे असण्याचा संभव फार मोठा आहे. घरातल्या कुणाला एखादी नोट आठवण म्हणून ठेवायची असेल तर तीच ठेवावी.

तांबूस ठिपके दोन तऱ्हेचे असतात. एक गंजाचे. पूर्वी बँकेतून नोटांची गड्डी यायची ती लोखंडी पिन मारून. ती पिन उपटताना आपली नखे तुटत, नोट फाटे, आणि पिन राहिलीच तर पावसाळ्यात गंज धरे. रिझर्व्ह बँकेने २००१ साली बँकांना गड्ड्यांवर पिना मारणे बंद करायला सांगितले. त्याआधीच्या नोटांना डाव्या बाजूला जोड-भोके आणि त्याभोवती तपकिरी कडी दिसते ती या पिनेची. दुसरे ठिपके भोकाशिवायचे, नोटभर विखुरलेले, मोहरीएवढे. त्यांचा रंग कोल्ह्याच्या अंगासारखा असतो म्हणून इंग्रजीत त्याला फॉक्सिंग म्हणतात. कागदातले लोखंडाचे बारीक कण ओलीने गंजतात, किंवा कागदावर बुरशी धरते, किंवा दोन्ही मिळून हे ठिपके उठतात. मूळ कारण ओल. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांपासून पुढे दोन-तीन महिने मातीच्या भिंती घाम गाळतात, भिंतीला टेकून ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीला आतून पाणी सुटते. अशा पेटीच्या तळाशी नोटा ठेवल्या तर ठिपके आलेच. काळी किंवा राखाडी, वास येणारी बुरशी असेल तर नोटा घरात झटकू नयेत, अंगणात नाकाला फडके बांधून सुटी बोटे न लावता वेगळ्या कराव्यात. दम्याच्या माणसाने तर हे काम करूच नये.

आता त्या लाल डागाकडे येऊ, कारण त्यानेच घर घाबरले आहे.

घरच्या हळदीची एक चिमूट पाण्यात कालवा. पिवळे पाणी होईल. त्यात खायच्या चुन्याचा कण टाका. पाणी तिथल्या तिथे लाल होईल. लिंबू पिळले तर पुन्हा पिवळे. हळदीतला रंग क्षाराला लाल आणि आंबटाला पिवळा होतो. बाजारातले जुन्या पद्धतीचे कुंकू हळद आणि चुना यांपासूनच करत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हाच प्रयोग गावोगाव करून दाखवत आले आहेत, कारण भोंदू लोक याच युक्तीने लिंबातून ‘रक्त’ काढतात. स्वयंपाकातल्या हाताने घडी केलेली नोट हळदीने पिवळी होते. ती तंबाखू-चुन्याच्या डबीशेजारी ठेवली, किंवा सोड्याच्या साबणाचा हात तिला लागला, की डाग लाल. कमरेच्या पिशवीत नोट, सुपारी, कात आणि चुन्याची डबी एकत्र बाळगणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या किती होत्या ते आठवा. कात नुसताही तपकिरी-लाल डाग पाडतो. करणीची गरजच उरत नाही. शंका असलीच तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा एकच थेंब घेऊन डागाच्या कडेला टेकवावा. रंग पिवळ्याकडे वळला तर ती हळद. त्यापुढे प्रयोग नको, आंबटाने कागद खराब होतो.

रंग बदलणाऱ्या पदार्थाचा हाच गुण सरकारही वापरते. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावताना नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतो. पूड दिसून येत नाही, पण नोटा घेणाऱ्याचे हात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते आणि पंचनामा होतो. असो.

हिरवट गोलाचे कारण नाण्यात आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली निघालेले एक रुपयाचे नाणे तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे आहे. आपल्या घरोघरी ते जपून ठेवलेले असते, आणि जपायचे म्हणून नोटेतच गुंडाळतात. घामातले मीठ आणि ओल मिळाली की तांब्याचा हिरवा कळंक सुटतो, पितळी भांड्याला चिंच न लावता ठेवले तर सुटतो तसाच. नाणे आणि नोट एकत्र ठेवू नये, दोघांचेही नुकसान होते.

वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नोटा तपकिरी होतात, कारण तो कागद लाकडाचा आणि आम्लाचा. स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्यालाही पिवळा करतो. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवलेली नोट चिकट होते आणि तिची शाई पाकिटाला लागते.

आता जाऊबाईंचा साबण. त्यांचा हेतू चांगला आहे, पण धुण्याने तीन तोटे होतात. पहिला असा की रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांत मळकी नोट वेगळी आणि धुतलेली, आकसलेली, अक्षरे गेलेली नोट वेगळी धरली आहे. मळकी नोट कुठल्याही बँकेत सरळ बदलते. धुऊन पुसट केलेली नोट ‘सदोष’ वर्गात जाते, ती खरी आहे काय आणि तिच्यावरचा मजकूर वाचता येतो काय हे पाहूनच पैसे मिळतात. दुसरा तोटा अधिक गमतीचा आहे. धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून एक चमकदार द्रव्य घालतात. खऱ्या नोटेचा कागद जांभळ्या दिव्याखाली मंद दिसतो, फक्त आकडे आणि काही धागे चमकतात. पावडरीत धुतलेली खरी नोट त्या दिव्याखाली निळी-पांढरी झळाळते, आणि दुकानदार म्हणतो, ही खोटी आहे. तिसरा तोटा तांदळाच्या मुलखातला. काही लोक नोट तपासायला आयोडीन वापरतात; साध्या कागदातील खळीने ते काळे-निळे होते, नोटेच्या कागदावर होत नाही. पण खळ दिलेल्या धोतराच्या किंवा साडीच्या बादलीत बुडालेली खरी नोट या परीक्षेत नापास होते. म्हणजे आपल्याच हाताने खऱ्या पैशाला खोटे ठरवून घ्यायचे. २०२० च्या साथीत भीतीपोटी अनेकांनी नोटा साबणाने, सॅनिटायझरने धुतल्या आणि इस्त्री केल्या. त्यांतल्या कितीतरी नोटांचे रंग विटले.

रंग सुटला म्हणजे नोट खोटी, हाही एक गैरसमज. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नवी नोट आली तेव्हा तिचा गुलाबी रंग कापडाला लागतो म्हणून ओरड झाली. त्यावेळचे आर्थिक व्यवहार सचिव शक्तिकांत दास यांनी सांगितले की खऱ्या नोटेचा रंग कापडाने घासल्यावर थोडा लागतोच. नोटेचा खरेखोटेपणा डागावरून नव्हे, तर उजेडात धरल्यावर दिसणारे जलचिन्ह, कागदात विणलेला धागा आणि बोटाला लागणारी उठावाची छपाई यांवरून पाहावा. महात्मा गांधी मालिकेच्या नोटा १९९६ पासून आल्या. त्याआधीच्या नोटांत उजेडात अशोकस्तंभाचे सिंह दिसतात. सासूबाईंच्या पेटीतल्या जुन्या नोटा तशाच धरून पाहाव्यात.

दीरांच्या लाखो रुपयांविषयी आम्ही स्पष्टच लिहितो. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, अमुक आकड्याची नोट, वेगळ्या रंगाची नोट लाखाला घेऊ असे सांगणारे लोक आधी नोंदणीचे, मग कराचे, मग कुरियरचे पैसे मागतात आणि गायब होतात. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्हही त्यावर छापलेले असते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही. नोटांचे खरे संग्राहक असतात, पण त्यांना हवी असते कोरी, न मुडपलेली नोट. डाग पडल्याने किंमत घटते, वाढत नाही. उलट रसायन लावून हिरव्याची पिवळी केलेली नोट ‘छपाईतली चूक’ म्हणून विकणारे ठगही असतात. मुळातच वेगळ्या रंगात छापलेल्या नोटा आपल्या देशाने काढल्या होत्या, त्या १९५९ साली आखाती प्रदेशात चालवण्यासाठी : एक आणि दहाची लाल, पाचची नारिंगी, शंभराची हिरवी. त्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी झेड हे अक्षर असे. अशी नोट आपल्या पेटीत निघण्याचा योग फारच विरळा.

तेव्हा त्या पुरचुंडीचा हिशेब असा. एक, दोन, पाच, दहा, वीस आणि शंभराच्या नोटा आजही कायदेशीर चलन आहेत, कितीही जुन्या असोत. दोनची छपाई १९९५ साली थांबली म्हणून ती बाद झाली असे नाही. मळक्या-डागाळलेल्या नोटा कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळतात, तिथे आपले खाते नसले तरी. एका दिवसात वीस नोटांपर्यंत आणि पाच हजार रुपयांपर्यंत बदलण्याला शुल्क नाही. फाटून तुकडा गेला असेल तर वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा तुकडा निम्म्याहून अधिक असला की पूर्ण पैसे. पन्नास आणि त्यावरील नोटेचा तुकडा ऐंशी टक्क्यांहून मोठा असला की पूर्ण, चाळीस ते ऐंशी टक्के असला की निम्मे, त्याखाली काही नाही. डाग हा तुकडा गेल्यासारखा धरत नाहीत, हे खिडकीवर ठामपणे सांगावे. जळालेली, वाळवीने खाऊन भुगा होत आलेली किंवा हात लावताच तुटणारी नोट मात्र जिल्ह्यातली शाखा घेणार नाही. ती नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत न्यावी लागते. गोंदियाहून गाडीने जाताना अशा नोटा पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत सपाट ठेवून न्याव्यात, पिशवीत कोंबू नयेत. २००५ पूर्वीच्या नोटा, म्हणजे ज्यांच्या मागच्या बाजूला खाली छपाईचे वर्ष नाही, त्याही नागपूरलाच बदलाव्या लागतात. शाखेने परत केल्या तर त्या खोट्या आहेत असे समजू नये.

पाचशेच्या त्या तीन नोटांविषयी लिहिताना आम्हाला वाईट वाटते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री त्या बाद झाल्या आणि ३० डिसेंबर २०१६ ला बँकेत भरण्याची मुदत संपली. म्हातारीने घरात सांगितले असते तर विड्यांच्या मजुरीचे ते पंधराशे रुपये वाचले असते. पण सांगितले असते तर साठलेही नसते, ही बाजूही घरच्या पुरुष मंडळींनी ध्यानात घ्यावी. आता त्या नोटा कुठेच चालत नाहीत. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा बाद नोटा दहापर्यंत घरात ठेवता येतात, त्याहून अधिक ठेवणे गुन्हा आहे. तीन ठेवायला हरकत नाही. त्या ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभे करू नये.

बचत गटाच्या भगिनींसाठी आणखी थोडे. गटाचा पैसा पेटीत राहतो तो थोडे दिवस, तेवढ्यासाठी स्टीलचा कोरडा डबा पुरे. पेटी भिंतीपासून चार बोटे सोडून, विटांवर ठेवावी. नोटांना पिन, रबर आणि वर्तमानपत्र लावू नये. खळ न दिलेल्या धुतलेल्या सुती फडक्यात सपाट ठेवाव्यात. कडुलिंबाची पाने कसरीला पळवतात खरी, पण ओली पाने नोटेवर स्वतःचाच डाग पाडतात, म्हणून ती सुकवून फडक्याच्या बाहेर घालावीत. ऊन डब्याला दाखवावे, नोटांना नाही, उन्हाने शाई उडते. आठवण म्हणून जपायची नोट वेगळ्या कोऱ्या पांढऱ्या कागदात ठेवून त्या कागदावर कुणाची, कधीची ते लिहावे. नोटेवर काही लिहू नये.

जुने जातीचे दाखले, शाळेची प्रमाणपत्रे आणि घरच्या माणसांचे फोटो यांनाही हीच ओल आणि हीच वाळवी खाते, आणि ते मात्र कुठल्याच बँकेत बदलून मिळत नाहीत. पुढच्या अंकात त्यांविषयी लिहू.